सरवा वेचणाऱ्या तीन स्त्रिया

शाळेच्या वहीचे पान जेवढे असते, साधारण तेवढेच हे चित्र. रंग नाहीत. गडद शाईच्या बारीक रेघा आणि त्यांच्यामध्ये सोडलेला कोरा कागद, बस्स. गव्हाची कापणी होऊन गेलेल्या शेतात तीन बायका दिसतात. दोघी कमरेतून पार वाकलेल्या आहेत. त्यांतल्या एकीचा हात जमिनीकडे गेला आहे, दुसरा हात पाठीवर आहे आणि त्या पाठीवरच्या मुठीत वेचलेल्या ओंब्यांची जुडी आहे. तिसरी अर्धवट वाकलेली आहे. ती नुकती उठते आहे की पुन्हा वाकणार आहे, हे सांगता येत नाही. तिघींच्या डोक्यांना रुमाल घट्ट बांधलेले, पुढे ओटीसारखा खोचलेला कपडा. चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. मागे दूरवर धान्याच्या गंजी आणि कापणीची गडबड आहे, पण तिचा आवाज या तिघींपर्यंत पोहोचत नाही, असे वाटते.

पाहताक्षणी हे शांत, गावाकडचे चित्र वाटते. आम्हीही ते तसेच घेऊन तुमच्यापुढे आलो असतो. पण त्या शांततेत एक जुना प्रश्न दडलेला आहे. शेतात पडून राहिलेले धान्य कोणाचे? मालकाचे, की वेचणाऱ्याचे? मालकाचे असेल तर या तिघी त्याच्या मेहरबानीवर जगत आहेत. वेचणाऱ्याचे असेल तर त्या आपला हक घेत आहेत. चित्र तेच राहते, अर्थ मात्र पार बदलतो. हा अंक भिंतीवर टांगायचे चित्र सुचवण्यासाठी नाही. सजीवांची चित्रे घरात लावण्याबाबत आपल्याकडे घरोघरी वेगवेगळी मते आहेत, याची आम्हाला जाणीव आहे. हे चित्र आम्ही या प्रश्नासाठी निवडले आहे.

चित्रकाराचे नाव ज्याँ-फ्रांस्वा मिले. फ्रान्सचा. जन्म 1814 चा, नॉर्मंडीच्या समुद्रकाठावरच्या ग्रुशी या वस्तीत, शेतकऱ्याच्या घरात. थोरला मुलगा असल्याने लहानपणापासून नांगर, खुरपे, विळा हातात आला. तारुण्यात चित्रकला शिकायला तो आधी शेरबूर आणि मग पॅरिसला गेला. पण शेतीचे काम त्याने गाडीतून जाता-जाता पाहिलेले नव्हते, केलेले होते. 1849 साली पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा बायकामुलांना घेऊन तो फाँतेनब्लोच्या जंगलाच्या कडेला असलेल्या बार्बिझाँ या खेड्यात राहायला गेला. सोबत शार्ल जाक हा चित्रकार मित्रही होता. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरण्यात जाक तरबेज होता. मिले पुढे मरेपर्यंत, म्हणजे 1875 पर्यंत, बार्बिझाँचाच राहिला. आज आपण बोलतो आहोत ते छापचित्र त्याने तिथेच 1855-56 च्या सुमारास केले. याच विषयावरचे त्याचे मोठे तैलचित्र त्यानंतर, 1857 मध्ये लोकांसमोर आले आणि जगभर गाजले ते तेच. ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. छापचित्राच्या प्रती निरनिराळ्या देशांत विखुरल्या. एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

चित्राच्या नावासाठी आपल्या भाषेत नेमका शब्द आहे, हे आम्हाला फार आवडले. कापणीनंतर शेतात सांडलेल्या, सुटून राहिलेल्या कणसांना, शेंगांना मराठीत 'सरवा' म्हणतात आणि ते गोळा करणे म्हणजे 'सरवा वेचणे'. शहरातल्या मुलांना हा शब्द माहीत नसेल. त्यांनी घरातल्या दादीला किंवा नानीला विचारून पाहावे. भुईमूग काढून झाल्यावर खुरपे घेऊन मातीत राहिलेल्या शेंगा उकरणे, ज्वारीची खाली पडलेली कणसे पदरात गोळा करणे, हे काम गावाकडच्या कितीतरी बायकांनी आणि मुलांनी केलेले आहे. इंग्रजी पुस्तकांत या चित्राचे नाव वाचून जे डोळ्यांपुढे येत नाही, ते 'सरवा' म्हटले की लगेच येते.

आता हे चित्र बनते कसे, ते सांगतो. या पद्धतीला मराठीत अम्लरेखन म्हणतात, म्हणजे आम्लाने रेघ काढणे. तांब्याचा गुळगुळीत घासलेला पत्रा घ्यायचा. त्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा. मेणबत्तीच्या धुराने तो थर काळा करायचा, म्हणजे त्यावर काढलेली रेघ नीट दिसते. मग सुई घेऊन चित्र काढायचे. सुई तांबे कोरत नाही, फक्त मेण खरवडते. जिथे सुई फिरली तिथे तांबे उघडे पडते. पत्र्याची मागची बाजू आणि कडा आधीच रोगण लावून झाकलेल्या असतात. असा पत्रा पाणी घातलेल्या नायट्रिक आम्लात बुडवला की आम्ल मेणाला हात लावत नाही, पण उघड्या तांब्याला खाऊ लागते. रेघांवर बुडबुडे जमतात आणि कारागीर ते पक्ष्याच्या पिसाने अलगद बाजूला करतो.

खरी कसोटी पुढे आहे. फिकट रेघ हवी असेल तर पत्रा थोड्या वेळात बाहेर काढायचा, ती रेघ रोगणाने बुजवायची आणि बाकीच्यांसाठी पत्रा पुन्हा आम्लात सोडायचा. जितका जास्त वेळ, तितकी खोल रेघ आणि तितकी गडद छपाई. आमच्या वाचक भगिनींना हे समजायला दोन क्षणही लागणार नाहीत. मेंदीचे गणित हेच नाही का? नक्षी तीच असते, पण हात लवकर धुतला तर नारिंगी आणि रात्रभर ठेवला तर गडद. फरक एवढाच की मेंदी पंधरा दिवसांत उतरते आणि तांब्यावरची रेघ शेकडो प्रती छापून झाल्यावर हळूहळू झिजते.

शेवटी मेण पुसून पत्र्यावर शाई चोपडतात. मग जाळीदार मलमलीच्या बोळ्याने वरची शाई पुसून घेतात. खाचांतली शाई तेवढी राहते. त्यावर ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून दाबून काढला की कागद खाचेत शिरतो आणि शाई उचलून घेतो. छाप उलटी येते, डावीकडचे उजवीकडे. म्हणून चित्रकाराला सगळे आरशात पाहिल्यासारखे उलटे काढावे लागते. हे जाता-जाता सांगितले, कारण पुढे मिलेच्या चित्रातल्या मोकळ्या जागेविषयी बोलायचे आहे. आम्लाच्या या पद्धतीत बारीक काम करून डोळे दिपवण्याचा मोह फार. पानन्‌पान रंगवता येते, मखमलीची लव दाखवता येते. मिले तसे करत नाही. बायकांचे घागरे मोजक्या आडव्यातिडव्या रेघांचे, जमीन तुटक रेघांची आणि आकाश जवळजवळ रिकामे. सगळा भार तीन पाठींवर टाकलेला आहे. वाकलेल्या दोघी क्षितिजाच्या वर डोकेच काढत नाहीत. दिवसभर जमिनीकडे पाहणाऱ्या माणसाला आकाश किती दिसते, हे ज्याने स्वतः वाकून काम केले आहे त्यालाच सुचावे. आमच्या मते तैलचित्रापेक्षा हे छोटे छापचित्र अधिक खरे आहे. तैलचित्रातला उन्हाचा सोनेरी रंग इतका सुंदर आहे की पाहणारा क्षणभर पाठीचे दुखणे विसरतो. इथे विसरायला जागा नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

या तिघी चोरून शेतात शिरलेल्या नाहीत आणि कोणापुढे हातही पसरत नाहीत. फ्रान्समध्ये सरवा वेचण्याला कायद्याचा आधार होता. 1554 साली राजा दुसरा हेन्री याने काढलेल्या आज्ञेत हे काम कोणासाठी राखले होते, तर म्हातारी माणसे, हातापायांनी अधू झालेली माणसे, लहान मुले आणि ज्यांच्या अंगात विळा चालवण्याची ताकद उरलेली नाही असे इतर लोक. धडधाकट माणसाने कापणीची मजुरी करावी. सरवा त्याचा नाही. क्रांतीनंतर 1791 मध्ये शेतीचा नवा कायदा झाला, त्यातही ही रीत टिकली, पण अटींसह. जिथे तशी वहिवाट आहे तिथेच, कुंपण नसलेल्याच शेतात आणि मालकाने सगळे पीक उचलून नेल्यावरच आत जायचे. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. कापणी पूर्ण झाल्यावर दोन दिवस होईपर्यंत गुराख्यांनी अशा शेतात कळप सोडायचा नाही. म्हणजे आधी गरीब माणूस आणि मग जनावर. पुढे 1810 च्या दंडसंहितेत सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर सरवा वेचणाऱ्याला दंड ठेवला गेला. उजेडात, सर्वांच्या नजरेसमोर वेचा, असा त्याचा अर्थ.

चित्र पुन्हा पाहा. शेत रिकामे आहे, पीक मागे गंजींवर जाऊन पडले आहे, उजेड आहे. सगळ्या अटी पाळलेल्या आहेत. तैलचित्रात तर मिलेने उजवीकडे दूर घोड्यावर बसलेला एक मुकादमही दाखवला आहे. नजर ठेवणारा आहे, पण हाकलणारा नाही. हाकलण्याचा अधिकार त्याला नव्हता.

समुद्रापलीकडे इंग्लंडमध्ये गोष्ट वेगळी झाली. तिथेही गरिबांनी सरवा वेचण्याची जुनी चाल होती आणि लोक तिला हक्कच समजत. सफोक परगण्यात मेरी हॉटन नावाच्या बाईने स्टील नावाच्या शेतकऱ्याच्या रानात सरवा वेचला आणि शेतकरी कोर्टात गेला. 1788 साली लंडनच्या न्यायालयाने निकाल दिला की सामान्य कायद्यात असा कोणताही हक्क नाही. मालकाने वेचू दिले तर ती त्याची दया. न्यायाधीशांपैकी गूल्ड यांना हा निकाल मान्य नव्हता, पण त्यांचे मत एकटे पडले. निकाल झाला म्हणून बायका थांबल्या नाहीत. त्यानंतरही इंग्लंडच्या खेड्यांत शंभरेक वर्षे सरवा वेचला गेला, कारण गावाच्या मनातला कायदा कोर्टाच्या कायद्याहून जुना होता. तरीही फरक पडला तो पडलाच. हक्काची वस्तू दयेची झाली की देणारा कधीही हात आखडू शकतो, आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते.

हा फरक वाचताना आमच्या वाचकांना एक आयत आठवली असेलच. सूरह अल-अनआममध्ये बागा, खजूर, शेती, जैतून आणि डाळिंब यांचा उल्लेख करून कापणीच्या दिवशीच त्याचा हक देण्याचा हुकूम आहे. तिथे शब्द 'हक' असा आहे. सदका, खैरात, मेहरबानी असा नाही. आणि तो द्यायचा कधी? धान्य कोठारात भरून, विकून, हिशेब लागल्यावर नव्हे, तर कापणीच्याच दिवशी. पावसावर पिकलेल्या धान्याचा दहावा आणि मेहनतीने पाणी दिलेल्याचा विसावा हिस्सा, हे उश्रचे प्रमाण आपल्याला ठाऊक आहे. सूरह अल-कलममधली बागवाल्यांची गोष्टही अनेकांनी घरात मुलांना सांगितली असेल. मुफस्सिर सांगतात की बागेचा जुना मालक गरिबांचा हिस्सा काढीत असे. त्याच्या मुलांना ते परवडेना. पहाटेच, कोणी मिस्कीन पोहोचायच्या आत, फळे तोडून आणायची असे त्यांनी ठरवले. एकमेकांशी कुजबुजत निघाले आणि जाऊन पाहतात तो बाग रात्रीतच भुईसपाट झालेली. या कथेतली कुजबुज आम्हाला नेहमी थांबवते. आपण करतो ते बरोबर नाही हे माहीत असल्याशिवाय माणूस कुजबुजत नाही.

मिले कॅथलिक ख्रिस्ती घरातला. त्याची आजी मोठी धर्मशील बाई होती आणि बायबल त्याने आयुष्यभर वाचले. शेताच्या कडांचे पीक कापू नका, सांडलेले गोळा करू नका, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या, अशी आज्ञा तौरातच्या परंपरेत आहे. सरवा वेचणाऱ्या रूथ या परदेशी विधवेची कथाही बायबलमध्ये येते आणि त्या कथेप्रमाणे ती हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांची पणजी. 1853 च्या प्रदर्शनात मिलेने याच कथेवरून सुचलेले, शेतात विसावलेल्या कापणीवाल्यांचे चित्र मांडले होते आणि त्याला पदकही मिळाले. म्हणजे या तीन बायका त्याच्या डोक्यात कितीतरी वर्षे होत्या.

आपल्या गावगाड्यातही खळ्यावरच्या वाट्याला नावे होती. सुतार, लोहार, कुंभार यांच्याबरोबर मुलाणीही बलुतेदारांत धरला जाई आणि सुगीला त्याचे बलुते खळ्यावर मोजून मिळे. बलुते म्हणजे सेवेचा मोबदला, सरवा म्हणजे काहीही न देऊ शकणाऱ्याचा वाटा. दोन्ही एक नाहीत. पण दोन्हींत धान्य घरात जायच्या आधीच त्यातला काही भाग आपला नाही, हे मालकाने मान्य केलेले असे. बलुत्याच्या व्यवस्थेत जातीची उतरंड आणि अपमान किती होता, हे आम्ही विसरलेलो नाही. ती परत यावी असे कोणीच म्हणणार नाही. आता यंत्राने गहू काढला जातो आणि रानाची वाट मळणी यंत्राच्या मागून जाते. सरवा उरतो तो थोडाच, आणि वेचायला येणाराही मजुरीसाठी दुसरीकडे गेलेला असतो.

1857 मध्ये तैलचित्र पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात लागले तेव्हा मोठी खळबळ उडाली. आज विश्वास बसणार नाही, पण या तीन बायकांची लोकांना भीती वाटली. 1848 च्या क्रांतीला अजून दहा वर्षेही झाली नव्हती. एका टीकाकाराला त्या दारिद्र्याच्या देवता वाटल्या. दुसऱ्याला त्यांच्या मागे उठाव करणाऱ्या जमावाचे भाले आणि 1793 चे वधस्तंभ दिसू लागले. चित्रात भाला नाही, घोषणा नाही. कोणी तोंडही वर केलेले नाही. मग भीती कशाची? आमच्या मते भीती चित्राच्या आकारात होती. गरीब माणूस चित्राच्या कोपऱ्यात, राजवाड्याच्या पायरीशी, भीक मागताना दाखवला तर श्रीमंताला दया येते आणि दया आली की बरे वाटते. मिलेने त्यांना मधोमध आणि मोठे काढले, मालकाला आणि त्याच्या गंजींना लांब, ठिपक्यांएवढे केले. तिघी कोणाकडे पाहत नाहीत, काही मागत नाहीत. त्यामुळे पाहणाऱ्याला दया दाखवायची संधीच मिळत नाही.

पैशाच्या दृष्टीने मिलेची अवस्था त्या बायकांहून फार वेगळी नव्हती. दुसरी पत्नी कॅथरीन आणि त्याची नऊ मुले झाली. दुकानदारांची उधारी, शिंप्याची उधारी, चित्र विकले जाईल की नाही याचा घोर. 1851 मध्ये गावाकडे आजी वारली आणि 1853 मध्ये आई. दोघींनाही शेवटचे भेटायला तो जाऊ शकला नाही, कारण प्रवासाला पैसे नव्हते. मुलाची वाट पाहत आई गेली, हे त्याला आयुष्यभर लागून राहिले. आईच्या पश्चात वाटण्या झाल्या तेव्हा त्याने घरातली जुनी पुस्तके आणि एक मोठे कपाट एवढेच घेतले आणि जमिनीचा आपला हिस्सा भावंडांकडे राहू दिला, असे त्याचा मित्र आणि चरित्रकार आल्फ्रेद सांसिए याने लिहिले आहे. ज्याच्याकडे गावी जायला गाडीभाडे नाही त्याने जमीन सोडावी, ही गोष्ट त्याच्या चित्रांइतकीच आम्हाला मोठी वाटते. वाटणीवरून वर्षानुवर्षे एकमेकांचे तोंड न पाहणारी भावंडे कोणाला माहीत नाहीत?

गाजलेले तैलचित्र त्याने किती रुपयांना विकले? त्याला चार हजार फ्रँक हवे होते. घासाघीस होऊन तीन हजारांवर सौदा तुटला. इतक्या कमी किमतीची वाच्यता होऊ नये, असे त्याला वाटत होते.

छापचित्रांकडे तो वळला त्यामागे हेही कारण होते. एक तैलचित्र एका धनिकाच्या दिवाणखान्यात जाते. तांब्याच्या एका पत्र्यावरून कितीतरी प्रती निघतात आणि कमी पैशात अनेक घरांत पोहोचतात. मिलेने आयुष्यात असे वीसेकच पत्रे कोरले. विषय सगळे रोजचे. लोणी घुसळणारी बाई, लोकर पिंजणारी, मुलाला पेज भरवणारी आई, कुदळीने माती खणणारे दोघे, मेंढ्यांमागे विणकाम करीत उभी असलेली मुलगी. 1860 नंतर फ्रान्समध्ये छापचित्रांचा शौक वाढला तेव्हा संग्राहकांनी एक युक्ती काढली. ठरावीक प्रती छापायच्या आणि मग पत्रा मोडून टाकायचा, म्हणजे प्रत दुर्मिळ होते आणि भाव चढतो. अशाच एका मंडळासाठी मिलेने 1862 मध्ये काम केले, पण पत्रा नष्ट करण्याची ही कल्पना त्याला रानटी वाटली आणि सांसिएला पत्रात त्याने तसे स्पष्ट कळवले. रेम्ब्राँटच्या वेळी ही पद्धत असती तर काय झाले असते, असा त्याचा सवाल होता. व्यापारातले मला कळत नाही, हेही त्याने प्रांजळपणे लिहिले. विचार करा, जो माणूस सांडलेल्या ओंब्यांचे चित्र काढतो, त्याला उरलेले जाळून भाव वाढवणारे लोक कसे पटावेत?

या स्वस्त छापांचा फायदा कोणाला झाला, याचे एक उदाहरण पुरे. व्हिन्सेंट व्हॅन गॉख हा डच चित्रकार मिलेला गुरू मानीत असे. 1889-90 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना त्याच्याकडे मिलेच्या चित्रांचे काळेपांढरे छाप होते. त्यांवरून त्याने एकामागून एक रंगीत चित्रे केली. हे नक्कल करणे नसून एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणण्यासारखे आहे, असे तो म्हणे. आजारी, एकटा, खिशात पैसे नसलेला माणूस. मूळ तैलचित्रे त्याच्या खोलीत कधीच आली नसती. छाप आले.

मिलेच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, 1889 मध्ये, तीन हजारांना गेलेले ते तैलचित्र लिलावात तीन लाख फ्रँकला विकले गेले. पोमेरी नावाच्या धनवान विधवेने ते घेतले आणि तिच्याकडून ते देशाच्या संग्रहालयाला मिळाले. त्याच वर्षी त्याचे दुसरे प्रसिद्ध चित्र लिलावात आले. बटाट्याच्या शेतात संध्याकाळची घंटा ऐकून हातातले काम थांबवून प्रार्थनेला उभे राहिलेले नवराबायको. मगरिबच्या अजानला कुदळ खाली ठेवणाऱ्या शेतकऱ्याला ते चित्र समजावून सांगावे लागणार नाही. त्याची बोली 5,53,000 फ्रँकपर्यंत चढली. या पैशातला एक फ्रँकही मिलेच्या घरी जाण्याची कायद्यात तरतूद नव्हती. चित्र एकदा विकले की विकले.

यावर फ्रान्समध्ये बरीच वर्षे चर्चा चालली आणि तिच्यात मिलेच्या चित्रांचे हे लिलाव वारंवार दाखल्याला घेतले गेले. शेवटी 1920 मध्ये कायदा झाला की कलाकृती जाहीर लिलावात पुन्हा विकली गेली तर किमतीचा ठरावीक हिस्सा कलावंताला किंवा त्याच्या वारसांना मिळेल. पीक मालकाचेच, पण सांडलेल्यावर पेरणाऱ्याच्या मुलाबाळांचा हक.

आपल्या देशाच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही 1994 च्या दुरुस्तीने असे कलम आले आहे, 53-अ. मूळ कलाकृती दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकली गेली तर कलावंत किंवा त्याचे वारस हिस्सा मागू शकतात. तो दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. आपल्या घरात कोणी चित्रकार किंवा शिल्पकार असेल, किंवा वडिलांच्या हातची चित्रे कोणी पूर्वी विकत नेलेली असतील, तर हे कलम एखाद्या वकिलाकडून समजून घ्यावे. कलमात चित्र, शिल्प, रेखाटन आणि हस्तलिखित यांची नावे आहेत. छापचित्राचे नाव त्यात नाही.